आधी पासपोर्ट, मग प्राग

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं म्हणणारी मुलं सल्ला विचारायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हमखास शहराचा असतो. कोर्स प्रागला करू की बार्सिलोनाला? चिआंग माई स्वस्त पडेल ना? हो ची मिन्ह सिटीत म्हणे लगेच नोकरी लागते? यांचं इंग्रजी घेऊन एम.ए. झालेलं असतं, एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावर दोन-तीन वर्षं काढलेली असतात, मानधनाचं बिल सहा-सहा महिने कुठल्या तरी टेबलावर पडून असतं. अशात मोबाइलवर जाहिरात येते. मागे जुना दगडी पूल, खाली नदी, फळ्यासमोर हसणारी एक तरुणी. चार आठवडे प्रशिक्षण घ्या आणि जगात कुठेही शिकवा. त्या 'कुठेही'मध्ये आपल्याला धरलंय का, हे जाहिरात सांगत नाही.

सांगणार कशी? ती आपल्यासाठी लिहिलेलीच नसते. लीड्समधला किंवा ओहायोतला नुकता पदवीधर झालेला एखादा मुलगा, ज्याला नोकरीला लागण्याआधी वर्षभर जग बघायचंय, तो तिचं खरं गिऱ्हाईक. त्याने शहरापासून सुरुवात केली तर बिघडत नाही. बाकीचे बरेचसे प्रश्न त्याच्या पासपोर्टने आधीच सोडवलेले असतात. सांगली-नांदेडच्या उमेदवाराने तोच क्रम उचलला, की दोन-तीन लाख खर्चून एक चांगलं प्रमाणपत्र, पुष्कळ फोटो आणि परतीचं तिकीट एवढंच हाती राहतं. म्हणून मी क्रम उलटा करायला सांगते. आपल्याला कायद्याने कुठे शिकवता येईल ते आधी बघायचं. मग सरावाला आपल्यासमोर कोण विद्यार्थी बसतील ते विचारायचं. पूल आणि नदी सर्वांत शेवटी.

दक्षिण कोरियाचा नियम सगळ्यांत रोखठोक आहे. परदेशी भाषा शिकवण्यासाठी तिथे 'ई-२' नावाचा व्हिसा मिळतो आणि इंग्रजीसाठी तो सर्वसाधारणपणे सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. टोरांटोत वाढलेला, कॅनडाचा पासपोर्ट असलेला मराठी मुलगा चालतो. त्याला सुट्टीत पुण्याला व्याकरण शिकवणारी त्याची मावशी, जिची हयात इंग्रजी शिकवण्यात गेली, ती चालत नाही. २०१० मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात आपल्यासाठी एक छोटीशी फट ठेवली आहे. शाळांतला सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून भारतीयाला जाता येतं, पण त्यासाठी पदवीसोबत शिक्षक म्हणून पात्रता लागते. चार आठवड्यांच्या कोर्सवर ते भागत नाही. चीनमध्येही साधारण तोच सात देशांचा कल. तिथे शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी आणि अनुभव असेल तर कधी कधी वाट निघते, पण ती वाट कुठल्या प्रांतातला कुठला अधिकारी समोर आहे यावर पुष्कळ अवलंबून असते.

जपानचा नियम निराळा आणि मराठी घरांना जास्त बोचणारा. शिक्षक म्हणून व्हिसा देताना तिथे जन्म कुठला हे तितकंसं बघत नाहीत. ज्या भाषेत शिकवायचं, त्या भाषेतून तुमचं बारा वर्षं शिक्षण झालेलं असलं पाहिजे, असं म्हणतात. कागदावर हे न्याय्य वाटतं. आता हिशोब करून बघा. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग गावातल्या हायस्कुलात मराठीतून शिकलेली मुलगी, पुढची सगळी वर्षं इंग्रजीतून शिकली, विद्यापीठात इंग्रजीत पहिली आली, तरी तिची बारा वर्षं काही भरत नाहीत. तिच्याच तालुक्यातल्या इंग्लिश मीडियमच्या शाळेतून काठावर पास झालेला मुलगा त्या नियमात अलगद बसतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला, त्यानंतर सेमी-इंग्रजीचे वर्ग फोफावले. पण शाळेच्या दाखल्यावर 'माध्यम' या रकान्यात मुख्याध्यापकांनी काय लिहून ठेवलंय, त्याला टोकियोच्या इमिग्रेशन कचेरीत असा भाव येईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

थायलंड आणि व्हिएतनाम हे दोन देश आपल्याला दार लावून घेत नाहीत. थायलंडमध्ये इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या शिक्षकाकडे टोइक किंवा आयईएल्टीएससारख्या परीक्षेचे गुण मागतात, पदवी मागतात, आणि वर्क परमिट शाळेमार्फत होतं. तिथल्या शाळा फिलिपिनो शिक्षकांनी भरलेल्या आहेत. त्यांनी केलेल्या वाटेवरून आपली माणसं जातात. पण शाळा एकच, वर्ग एकच, पुस्तक एकच आणि पगाराच्या दोन पट्ट्या, हा प्रकार तिथे उघडपणे चालतो. नोकरीच्या जाहिरातीत अर्जासोबत फोटो मागतात तो उगाच नाही. हनोईत शिकवणाऱ्या कोल्हापूरकडच्या एका मुलीशी माझं बोलणं झालं. फोनवरच्या मुलाखतीत सगळं जमत आलेलं असायचं आणि कॅमेरा सुरू केल्यावर पुढच्या फेरीचं बोलणं थांबायचं, असं ती सांगत होती. तक्रारीच्या सुरात नव्हे, पावसाबद्दल सांगावं तसं. शेवटी तिला नोकरी दिली ती एका लहान केंद्राने, त्यांनी तिचा तास प्रत्यक्ष बघितल्यावर. तिचं आता बरं चाललं आहे.

राहिला युरोप, म्हणजे जाहिरातीतला पूल आणि नदी. युरोपीय संघात भाषाशाळेच्या मालकाला बाहेरचा शिक्षक नेमायचा तर कागदपत्रांचा डोंगर उपसावा लागतो, आणि दारात आयरिश किंवा माल्टाचे उमेदवार उभे असताना तो कशाला उपसेल? ब्रेक्झिटमुळे १ जानेवारी २०२१ पासून खुद्द इंग्रजांचीही तिथे तीच गत झाली आहे. कालपर्यंत माद्रिदमध्ये बॅग घेऊन उतरणाऱ्या ब्रिटिश शिक्षकालाही आता परवाना लागतो. स्पेनमध्ये अमेरिकन मुलं विद्यार्थी-व्हिसावर किंवा सरकारच्या 'आउक्सिलियारेस' या सहायक शिक्षकांच्या योजनेतून शिरतात. प्रागमध्ये 'झिव्हनो' म्हणून ओळखला जाणारा स्वतंत्र व्यवसायाचा परवाना काढून शिकवायची पद्धत आहे: सकाळी आठला एका बँकेत, दहाला औषध कंपनीत, मध्ये ट्राममध्ये सँडविच. १९८९ च्या क्रांतीनंतर शाळांतली सक्तीची रशियन गेली, इंग्रजीची भूक एकदम उसळली आणि अमेरिकन तरुणांची झुंड त्या शहरात उतरली. प्रागची ही ख्याती तेव्हापासूनची. भारतीय पासपोर्टवर यातलं काहीच अशक्य नाही, पण प्रत्येक पायरीला वकील, भाडेकरार, बँकेतली शिल्लक आणि महिनोन्‌महिने थांबणं आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या अगदी शेजारचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. म्हणजे म्हापशाच्या मुलीकडे पोर्तुगालचा पासपोर्ट असेल तर बार्सिलोना तिच्यासाठी सर्वांत शहाणपणाची निवड ठरू शकते. कोर्स संपल्यावर दुसऱ्या दिवशी ती कुठल्याही भाषाशाळेत रीतसर कामाला लागू शकते. तिच्याबरोबर त्याच वर्गात शिकलेल्या, तिच्याइतकंच आणि तिच्याचसारखं इंग्रजी बोलणाऱ्या सावंतवाडीच्या मैत्रिणीला ते जमत नाही. दोघींच्या गावांत तासा-दीड तासाचं अंतर आहे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग कोर्सच कशाला? तर कोर्स चांगला असतो. निदान दोन कोर्स तरी नक्की.

त्यांची गोष्ट स्पेनमधल्या कॉर्डोबात सुरू होते. १९५३ साली जॉन हेक्राफ्ट हा इंग्रज आणि त्याची पत्नी ब्रिटा यांनी तिथे इंग्रजीची शाळा काढली. शाळा चालली. १९५९ मध्ये त्यांनी लंडनला बस्तान हलवलं, 'इंटरनॅशनल हाउस' हे नाव रूढ झालं, आणि अडचण उभी राहिली ती शिक्षकांची. इंग्रजी येतं म्हणून इंग्रजी शिकवता येतं असं नाही, हे रोज वर्गात दिसत होतं. विद्यापीठातल्या वर्षभराच्या पदविकेत सिद्धान्त भरपूर, पण हातात खडू कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. हेक्राफ्ट दांपत्याने १९६२ मध्ये दोन आठवड्यांचा एक कोर्स सुरू केला: पहिल्या दिवसांपासूनच खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहायचं आणि शिकवून झालं की लगेच, तिथल्या तिथे, काय चुकलं ते ऐकून घ्यायचं. पुढे हा कोर्स रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने आपल्या छत्राखाली घेतला, १९८८ मध्ये तो केंब्रिजकडे गेला आणि १९९६ पासून तो 'सेल्टा' म्हणून ओळखला जातो. त्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा 'सर्ट टेसॉल'. यातली एक गंमत मला फार आवडते. ब्रिटा हेक्राफ्ट मूळची स्वीडिश. इंग्रजी उच्चार कसे शिकवावेत यावर तिने पुस्तक लिहिलं. जगभरच्या 'नेटिव्ह स्पीकर' शिक्षकांना घडवणाऱ्या या कोर्सच्या दोन संस्थापकांपैकी एकीची मातृभाषा इंग्रजी नव्हती. आजच्या कित्येक भाषाशाळांनी फोटो बघून तिचा अर्ज ठेवून घेतला असता म्हणा, पण पासपोर्ट बघून परत केला असता.

सेल्टा म्हणजे किमान १२० तास, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवणं, सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघणं, चार लेखी असाइनमेंट. सहा तास ऐकून हसू येतं. आपल्याकडे बी.एड.च्या मुली याहून कितीतरी जास्त पाठ घेतात. पण त्या सहा तासांतलं एकेक मिनिट मोजलं जातं. सकाळी प्रशिक्षकांचे वर्ग, दुपारी 'टीपी' म्हणजे सरावाचा तास, त्यानंतर फीडबॅक, संध्याकाळी उद्याचा लेसन प्लॅन. सहा जणांपर्यंतचा गट असतो. एक जण शिकवतो, उरलेले मागे बसून लिहितात, आणि प्रशिक्षक कोपऱ्यात बसून सगळ्यांपेक्षा जास्त लिहितो. तुम्ही किती बोललात आणि विद्यार्थी किती बोलले, सूचना देताना किती वाक्यं खर्च केलीत, 'समजलं का?' असं विचारलंत का (विचारायचं नसतं, समजलंय हे दिसेल असा प्रश्न विचारायचा असतो), फळ्यावर कुठे काय लिहिलंत, याची रोज चिरफाड होते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी निम्मा गट रडवेला झालेला असतो. प्रत्येक कोर्सला केंब्रिजने नेमलेला बाहेरचा परीक्षक येऊन जातो. शेवटी 'पास', 'पास बी' किंवा 'पास ए' मिळतं. शेवटचा शेरा शंभरात जेमतेम पाच-सहा जणांच्या वाट्याला येतो.

हे सगळं प्रागला तेच, पुण्याहून ऑनलाइन केलं तरी तेच. अभ्यासक्रम एक, मोजपट्टी एक. मग शहराने फरक पडतो कुठे? मला विचाराल तर एकाच ठिकाणी, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही: टीपीला येणारे विद्यार्थी कोण?

हे विद्यार्थी फुकटात किंवा नाममात्र फीमध्ये शिकायला आलेले त्या गावचे लोक असतात. प्रागला ते बहुतेक चेक असतात. चेकमध्ये 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीत, जशी मराठीतही नाहीत. त्यामुळे ती कुठे का गाळतात हे मराठी शिक्षिकेला आपोआप कळतं, लीड्सच्या मुलाला ते कळायला महिना जातो. बार्सिलोनात स्पॅनिश आणि कातालान बोलणारे. अर्धा शब्दसंग्रह त्यांना लॅटिनच्या पुण्याईने फुकट मिळालेला, पण दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असे शब्द त्यांना रोज खड्ड्यात घालतात. चिआंग माईला आणि हनोईला शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळणारे, क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलायची सवयच नसलेले. लंडनला किंवा मेलबर्नला एकाच वर्गात ब्राझीलची नर्स, तुर्की विद्यार्थी, कोरियन गृहिणी, सोमालियाचा निर्वासित. तिथे इंग्रजीशिवाय कुणाची कुणाशी गाठच पडत नाही, त्यामुळे शिक्षकाला वर्ग बोलता करणं सोपं जातं, आणि चुकांचं कारण शोधणं तेवढंच अवघड. ज्याला पुढे व्हिएतनाममध्ये शिकवायचंय त्याने बार्सिलोनात सराव करण्यात काय मतलब? त्याने हनोईतच करावा. सरावाचे विद्यार्थी तेच, ओळखी तिथल्याच, आणि कोर्स चालू असताना चार शाळांत जाऊन तोंड दाखवता येतं. मालकाच्या दृष्टीने गावात हजर असलेला उमेदवार आणि ईमेलमधला उमेदवार यांत फार फरक असतो.

पूर्णपणे ऑनलाइन सेल्टा २०२० मध्ये, कोविडमुळे, जगभर सुरू झाला आणि मग टिकला. फी दीड लाखाच्या आगेमागे असते, राहण्या-खाण्याचा खर्च वाचतो, आणि स्क्रीनवर समोर कधी युक्रेनचा तर कधी कोलंबियाचा माणूस येतो. भारतीय उमेदवारासाठी हा पर्याय मला बऱ्याचदा योग्य वाटतो. फक्त एक गोष्ट राहून जाते: वीस माणसांच्या खोलीत बाकांमधून फिरणं, मागे गप्पा मारणाऱ्या दोघांजवळ जाऊन नुसतं उभं राहणं. ज्याने आधी कधी वर्ग घेतलेलाच नाही त्याने ऑनलाइन करू नये. तासिका तत्त्वावर ऐंशी मुलांचे वर्ग सांभाळलेल्याने खुशाल करावा.

आणि तिसरा प्रकार म्हणजे काही हजारांत मिळणारा, शंभर-सव्वाशे तासांचा, व्हिडिओ बघून बटणं दाबायचा 'टेफल'. टेफल हे नाव कुणाच्याही मालकीचं नाही. उद्या मी माझ्या गॅलरीत टेफलची पाटी लावली तर मला कुणी अडवणार नाही. त्यावर मान्यतेचा सोनेरी शिक्का असतो, आणि मान्यता देणारी संस्था कधी कधी कोर्स विकणाऱ्यांच्याच गोतावळ्यातली निघते. व्हिसाच्या फाइलीत १२० तासांचा एक कागद लागतो म्हणून लोक तो घेतात. तेवढ्यासाठी घ्यावा. त्यावरून शिकवता येईल असं मात्र कुणी समजू नये, कारण त्यात कुणीही तुम्हाला शिकवताना बघितलेलं नसतं.

भारतीय उमेदवार या कोर्समध्ये कुठे अडखळतात, हे एका अनुभवी प्रशिक्षकाकडून मी समजून घेतलं. इंग्रजीत नाही, असं त्यांचं म्हणणं. अडतात ते समजावून सांगण्याच्या सवयीत. आपला चांगला शिक्षक म्हणजे छान समजावणारा. 'प्रेझेंट परफेक्ट' आला की व्याख्या, तीन उपयोग, दहा उदाहरणं, वही काढा. इथे पंचेचाळीस मिनिटांच्या तासात शिक्षकाने दहा मिनिटांच्या वर बोललं की फीडबॅकमध्ये खरडपट्टी निघते. दुसरी सवय प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करण्याची. बोलायला धजावलेला माणूस तिसऱ्या दुरुस्तीला गप्प होतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांचे आपण वारस; वाक्य घ्या, फोडा, उलटं करा, पुन्हा जोडा. त्यातून इंग्रजी वाचणारे मोठे लोक तयार झाले, हे विसरून चालणार नाही. पण बोलणं त्या पद्धतीच्या कक्षेतच नव्हतं.

गमतीचा भाग असा, की 'समजावू नका, त्यांना काहीतरी करायला द्या' हे जे प्रागला आणि बार्सिलोनाला शिकवतात, त्यातला मोठा वाटा बंगळुरूहून गेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांना व्याकरण शिकवायचंच नाही. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा, आणि त्यावर डोकं लढवून उत्तर काढायला लावायचं. मन अर्थाशी झटत असताना भाषा आपोआप बसते, ही धारणा. 'बंगलोर प्रोजेक्ट' म्हणून तो जगभर गाजला, १९८७ मध्ये त्यावरचं प्रभूंचं पुस्तक आलं, आणि आज 'टास्क-बेस्ड' अध्यापनाचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. त्याआधीही मायकेल वेस्ट हा इंग्रज अधिकारी ढाक्यात बंगाली मुलांसाठी सोप्या शब्दांतली वाचनमाला तयार करत होता. ए. एस. हॉर्नबीने परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा आपला सुप्रसिद्ध कोश जपानमध्ये असताना रचला. तो १९४२ मध्ये प्रथम टोकियोत छापला गेला आणि नंतर ऑक्सफर्डने उचलला. म्हणजे इंग्रजी शिकवण्याचं बरंचसं शास्त्र आशियातल्या वर्गांत घडलं, लंडनच्या पत्त्यावर छापलं गेलं आणि आता चार आठवड्यांचं पॅकेज होऊन आपल्याला विकलं जातंय. हैदराबादला १९५८ मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली ती याच कामासाठी; तीच आजचं इफ्लू विद्यापीठ. तिथली इंग्रजी अध्यापनाची पदविका सेल्टाहून खोल आहे आणि पुष्कळ स्वस्त. परदेशातल्या भाषाशाळेच्या मालकाने तिचं नाव ऐकलेलं नसतं, एवढीच तिची उणीव.

'नेटिव्ह स्पीकर'चा हट्ट शास्त्राने केव्हाच सोडला आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये त्याला भ्रम म्हटलं. पीटर मेजेश या हंगेरियन प्राध्यापकाने १९९४ मध्ये मातृभाषक नसलेल्या शिक्षकावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं, की जो स्वतः ती भाषा शिकून आलाय त्याला शिकणाऱ्याची अडचण आधी दिसते. अमेरिकेतल्या टेसॉल या संघटनेने २००६ मध्ये असा भेदभाव करू नये म्हणून जाहीर भूमिका घेतली. बाजार मात्र पालकांचं ऐकतो, आणि पालकांना गोरा सर हवा असतो. आपल्याकडच्या इंटरनॅशनल शाळांच्या माहितीपुस्तिकाही एकदा चाळून बघा.

मग मराठी माणसं परदेशात इंग्रजी शिकवतात तरी कुठे? आखातात सगळ्यांत जास्त, आणि तेही भारतीय शाळांमध्ये. मस्कत, दुबई, दोहा, कुवेत इथल्या सीबीएसई शाळांना शिक्षक लागतात, आणि त्यांना हवं असतं बी.एड. सेल्टा असला तर छान म्हणतात आणि पुढच्या कागदाकडे वळतात. इथिओपियात सम्राट हेले सेलासीच्या काळापासून भारतीय शिक्षक गेले, भूतानच्या शाळा कित्येक वर्षं भारतीय शिक्षकांच्या जिवावर चालल्या. या वाटेवर केरळी माणूस आपल्या पुढे आहे, कारण तो बी.एड. करून निघाला आणि आपण 'परदेशी कोर्स'च्या शोधात राहिलो. ज्यांचं वय पंचविशीच्या आत आहे त्यांना मी स्पष्ट सांगते: आधी बी.एड. करा. दोन वर्षं जातात, पण पुढे कोरियाच्या त्या फटीपासून शारजाच्या शाळेपर्यंत तेच विचारतात.

दुसरा गट बायकांचा आहे आणि तो वाढतो आहे. नवऱ्याची आयटीतली नोकरी, बायको डिपेंडंट व्हिसावर. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला नोकरी करता येते. तिथल्या कॉलेजांत निर्वासितांना आणि स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याचे वर्ग चालतात, भाषाशाळांना मान्यतेसाठी सेल्टा किंवा ट्रिनिटी असलेले शिक्षक दाखवावे लागतात. तिथे राहणाऱ्या एखाद्या नाशिकच्या बाईने लंडनलाच सेल्टा करणं हा सरळ हिशोब आहे: व्हिसाचा प्रश्न सुटलेला, टीपीचे विद्यार्थी पुढे शिकवायचेत त्यांच्यासारखेच, आणि पंजाबी किंवा बांगलादेशी आजीला इंग्रजीचा पहिला धडा देताना आपलं बाहेरचं असणं कामाला येतं. अमेरिकेत एच-४ व्हिसावर मात्र हात बांधलेले. २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला तो ग्रीन कार्डच्या रांगेत नवरा बराच पुढे सरकला असेल तरच.

आणखी एक गोष्ट, जी पंचांगासारखी बघावी लागते: हंगाम. थायलंडची शाळा मेच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे नेमणुका मार्च-एप्रिलमध्ये. स्पेन आणि चेकमध्ये भरती सप्टेंबरची. डिसेंबरात बार्सिलोनाला कोर्स संपवणारा माणूस नोकरीशिवाय हिवाळा काढतो. या धंद्यात मालक बुडतातही. जपानमधली 'नोव्हा' ही सर्वांत मोठी संभाषण-शाळांची साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षक पगाराविना, काही जण घराविनाही, अडकून पडले. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने खासगी शिकवण्यांवर वरवंटा फिरवला, आणि घरबसल्या चिनी मुलांना शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचं काम काही आठवड्यांत आटलं. म्हणून परतीचं भाडं आणि तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवल्याशिवाय निघू नये, मग शहर कुठलंही असो.

निघायचं ठरलंच तर कोर्सची फी भरण्याआधी कागद हातात घ्यावेत. पदवी प्रमाणपत्र म्हणजे दीक्षान्ताचं मूळ प्रमाणपत्र. पुष्कळांनी ते विद्यापीठातून कधी आणलेलंच नसतं, प्रोव्हिजनलवर दिवस काढलेले असतात. त्यावर राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, आणि देशानुसार पुढे वकिलातीचं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयाकडून. यात आपल्याकडच्यांची खास अडचण नावाची. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आधार कार्डावर तिसरंच नाव. परदेशातल्या कारकुनाला ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात. गॅझेटमध्ये नावबदल, एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्याचं इंग्रजी आणि लागलं तर व्हिएतनामी भाषांतर, या सगळ्याला कोर्सच्या चार आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. तो धरूनच कोर्सची तारीख घ्यावी.